अग्निसूचक यंत्रणेच्या वीजपुरवठ्याचे गणित : बिरसीच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रास्ताविक

आग लागलेल्या इमारतीत जी गोष्ट सर्वांत आधी नाहीशी होण्याचा संभव असतो, ती म्हणजे वीज. कित्येकदा आगीचे मूळच तारांतील बिघाडात असते. कित्येकदा धगीने तारांचे आवरण वितळते व फ्यूज उडतो. आणि पुष्कळदा अधिक हानी होऊ नये म्हणून माणसे स्वतःच मुख्य कळ बंद करतात. अग्निसूचक यंत्रणा मात्र विजेवरच चालते. ज्या क्षणी तिची खरी गरज भासते, त्याच क्षणी तिचा नेहमीचा आधार नाहीसा होतो, हा ह्या यंत्रणेच्या रचनेतील मूलभूत पेच होय. हा पेच सोडविण्यासाठी यंत्रणेच्या पोटात विजेचा स्वतंत्र साठा ठेवावा लागतो. तो साठा किती असावा, तो भरून काढणारे उपकरण केवढे असावे, आणि साठविलेली वीज इमारतीच्या शेवटच्या कोपऱ्यातील भोंग्यापर्यंत पुरेशा जोराने पोहोचेल की नाही, ह्या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विचार केवळ पुस्तकी नाही. दिल्लीतील उपहार चित्रपटगृहास १३ जून १९९७ रोजी आग लागून ५९ माणसे मरण पावली. त्या वेळी वीज गेल्यामुळे सभागृहात अंधार पसरला होता. संकटकाळी लागणारे दिवे नव्हते आणि प्रेक्षकांस सावध करणारी ध्वनिक्षेपणाची सोयही चालू नव्हती. विदर्भापुरते बोलावयाचे तर भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अर्भकांच्या कक्षात ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर आग लागली. कक्षातील सतरा अर्भकांपैकी सात वाचविता आली, दहा दगावली. अशा प्रसंगी काही मिनिटांचाच प्रश्न असतो, हे त्या रात्रीने साऱ्या महाराष्ट्रास दाखवून दिले. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातूनच वेगळा झालेला असल्यामुळे ही घटना येथील लोकांस परकी वाटण्याचे कारण नाही.

२. उदाहरणासाठी बिरसी का?

गोंदिया शहरापासून जवळच असलेल्या बिरसी गावी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, ब्रिटिश सरकारने विमानांची धावपट्टी बांधली. ही धावपट्टी २००५ च्या अखेरीस भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. पुढे प्राधिकरण व कॅनडातील सीएई ही संस्था ह्यांच्या भागीदारीतून वैमानिकांना शिक्षण देणारी संस्था येथे उभी राहिली, आणि मार्च २०२२ मध्ये येथून प्रवासी विमानसेवेस आरंभ झाला. भातशेतीच्या मुलखातील ह्या गावी आता पाठवर्ग, कार्यालये, कार्यशाळा आणि रात्री माणसे झोपतात अशी वसतिस्थाने एकत्र आली आहेत. विमानतळावरील अग्निशमन बंब विमानाच्या अपघातासाठी सज्ज असतात; परंतु एखाद्या खोलीत रात्री दोन वाजता धुमसू लागलेली गादी त्यांना दिसत नाही. ती दिसावी लागते छतावरील धूमसंवेदकाला.

हवामानाच्या दृष्टीनेही हे स्थान विचार करण्यासारखे आहे. मे महिन्यात येथील पारा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जातो, तर डिसेंबर-जानेवारीत काही रात्री तो १० अंशांच्या खाली उतरतो. वळवाच्या वादळात झाडे तारांवर पडून वीज जाण्याचे प्रसंगही ग्रामीण भागात येतातच. ह्या तिन्ही गोष्टींचा परिणाम पुढील गणितावर होतो.

खाली घेतलेली इमारत कल्पित आहे. बिरसी येथील कोणत्याही प्रत्यक्ष वास्तूचे ते वर्णन नव्हे. बिरसीच्या परिसरात ६० खोल्यांचे एक दुमजली वसतिगृह असून तेथे चोवीस तास पहारेकरी असतो, एवढे गृहीत धरले म्हणजे पुरे. उपकरणांचे प्रवाह सर्वसाधारण प्रकारचे घेतले आहेत. प्रत्यक्ष कामात ते निर्मात्याच्या पत्रकातूनच घ्यावे लागतात.

३. दोन अवस्था, दोन भार

अग्निसूचक यंत्रणेचे आयुष्य दोन अवस्थांत विभागलेले असते. पहिली दक्षतेची अवस्था. ह्या अवस्थेत संवेदक हवेची पाहणी करीत असतात, नियंत्रण-फलक त्यांची क्रमाने चौकशी करतो, आणि भोंगे मूक असतात. विजेचा खर्च अल्प, पण अखंड. दुसरी इशाऱ्याची अवस्था. ह्या वेळी सर्व भोंगे वाजतात, दिवे लुकलुकतात. खर्च पुष्कळ, पण थोडा वेळ. घरखर्चाच्या भाषेत सांगावयाचे तर पहिली अवस्था म्हणजे रोजचा शिधा आणि दुसरी म्हणजे लग्नाचा खर्च. दोन्हींची बेरीज मांडल्याशिवाय शिल्लक किती हवी हे कळत नाही.

कल्पित वसतिगृहातील दक्षतेच्या अवस्थेतील प्रवाह मिलिअँपिअरमध्ये पुढीलप्रमाणे येतो.

मुख्य नियंत्रण-फलक : १४०
धूमसंवेदक ६०, प्रत्येकी ०.३ : १८
काच फोडून इशारा देण्याच्या पेट्या १०, प्रत्येकी ०.३ : ३
भोंग्यांचे नियंत्रण करणारे जोडघटक ८, प्रत्येकी ०.५ : ४
पहारेकऱ्याच्या खोलीतील उपफलक : ६०
एकूण : २२५ मिलिअँपिअर, म्हणजे ०.२२५ अँपिअर

इशाऱ्याच्या अवस्थेतील प्रवाह असा :

मुख्य नियंत्रण-फलक : २६०
धूमसंवेदक ६० : १८
इशारा दिलेल्या पाच संवेदकांचे लाल दिवे, प्रत्येकी ५ : २५
इशारा-पेट्या १० : ३
जोडघटक ८ : ४
उपफलक : ११०
भोंगे १६, प्रत्येकी ३५ : ५६०
लुकलुकते दिवे ६, प्रत्येकी १२० : ७२०
एकूण : १७०० मिलिअँपिअर, म्हणजे १.७ अँपिअर

ह्या दोन याद्या शेजारी ठेवल्या असता एक गोष्ट लक्षात येते. साठ संवेदक मिळून जेवढी वीज घेतात, त्याच्या सहापटीहून अधिक वीज एकटा लुकलुकता दिवा घेतो. म्हणून संवेदकांच्या संख्येवरून बॅटरीचा अंदाज बांधण्याची जी प्रथा काही ठिकाणी दिसते, ती निराधार आहे.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. कित्येक लुकलुकते दिवे ठरावीक शक्ती घेतात. त्यामुळे विद्युत्‌दाब उतरला की प्रवाह कमी न होता उलट वाढतो. २४ व्होल्टला १२० मिलिअँपिअर घेणारा असा दिवा १८ व्होल्टला १६० मिलिअँपिअर घेईल. सबब यादीत नेहमीचा प्रवाह न लिहिता, उपकरण ज्या दाबांच्या मर्यादेत चालते त्या मर्यादेतील महत्तम प्रवाह लिहावयास हवा. वरील यादीतील १२० हा आकडा असा महत्तम प्रवाह आहे, असे समजावे.

४. किती तास?

आता काळाचा विचार. मुख्य वीज गेल्यानंतर यंत्रणेने किती वेळ जागे राहावे आणि त्यानंतर किती वेळ ओरडावे, ह्याविषयी निरनिराळ्या देशांतील मानके निरनिराळे उत्तर देतात. अमेरिकेतील एनएफपीए ७२ ही संहिता सामान्यतः २४ तासांची दक्षता व त्यानंतर ५ मिनिटांचा इशारा मागते. ध्वनिक्षेपकावरून सूचना देणाऱ्या यंत्रणेस ही ५ मिनिटे अपुरी म्हणून १५ मिनिटे सांगितली आहेत. ब्रिटिश परंपरेत २४ किंवा ७२ तासांची दक्षता व त्यानंतर अर्ध्या तासाचा इशारा असा दंडक आहे. भारतात ह्या विषयाचे मानक आयएस २१८९ हे असून राष्ट्रीय इमारत संहितेच्या चौथ्या भागात अग्निसुरक्षेची चर्चा आहे. प्रत्यक्ष प्रकल्पात स्थानिक अग्निशमन अधिकाऱ्याने मान्य केलेला काळच गणितात घालावयाचा असतो.

२४ आणि ७२ ह्या आकड्यांमागील तर्क साधा आहे. ज्या इमारतीत रात्रंदिवस कोणी तरी असते, तेथे वीज गेल्याचे लगेच कळते व चोवीस तासांत उपाय करता येतो. परंतु शुक्रवारी सायंकाळी सहाला कुलूप लागून सोमवारी सकाळी आठला उघडणारे कार्यालय घेतले, तर मधला काळ ६२ तासांचा होतो. शुक्रवारी रात्री वीज गेली, तर चोवीस तासांची बॅटरी शनिवारी रात्री संपेल आणि उरलेला दीड दिवस इमारत निराधार राहील. वसतिगृहात पहारेकरी असल्यामुळे येथे २४ तास व त्यानंतर अर्धा तास असा काळ धरला आहे.

जनित्र असले म्हणजे बॅटरीची जरुरी नाही, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. जनित्र सुरू होण्यास काही सेकंद लागतात, त्यात इंधन असावे लागते, आणि सुरू करणारी त्याची स्वतःची बॅटरीही जिवंत असावी लागते. आपोआप सुरू होणारे जनित्र असताना अमेरिकी संहिता दक्षतेचा काळ कमी करण्यास परवानगी देते. तरीही चार तासांची बॅटरी ठेवावीच लागते.

५. बॅटरीचे गणित

विजेचा साठा अँपिअर-तासांत मोजतात : प्रवाह गुणिले काळ. सरळ हिशेब असा होतो.

दक्षता : ०.२२५ × २४ = ५.४ अँपिअर-तास
इशारा : १.७ × ०.५ = ०.८५ अँपिअर-तास
बेरीज : ६.२५ अँपिअर-तास

बाजारात ७ अँपिअर-तासांची बॅटरी सहज मिळते. ६.२५ पेक्षा ७ अधिक. तेव्हा काम झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. नेमकी येथेच चूक होते, आणि ती समजण्यासाठी शिशाच्या बॅटरीचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे.

शिसे व गंधकाम्ल ह्यांची बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँटे ह्याने १८५९ साली तयार केली. ह्या यंत्रणांत अद्यापिही मुख्यत्वे तिचेच मोहोरबंद रूप वापरले जाते. तिचे दोन दोष ह्या गणिताशी निगडित आहेत. पहिला दोष वयाचा. वापरात असलेल्या बॅटरीची धारणशक्ती हळूहळू कमी होते, आणि ती मूळच्या ८० टक्क्यांवर आली की बॅटरीचे आयुष्य संपले असे मानण्याची रीत आहे. म्हणून आयुष्याच्या अखेरच्या दिवशीही साठा पुरावयाचा असेल, तर आरंभी १ भागिले ०.८, म्हणजे १.२५ पट साठा घेतला पाहिजे. सूत्रात दिसणारा १.२५ हा गुणक काही केवळ ‘असू द्यावा थोडा जास्त’ अशा सैल हेतूने आलेला नाही. तो ह्या वार्धक्याचा हिशेब आहे.

दुसरा दोष घाईचा. जर्मन शास्त्रज्ञ पॉयकर्ट ह्याने १८९७ साली दाखविले की, बॅटरीतून प्रवाह जितका जोराने काढावा, तितकी तिच्यातून मिळणारी एकूण वीज कमी होते. बॅटरीवर छापलेला आकडा बहुधा वीस तासांत सावकाश रिकामी करण्याचा असतो. १२ अँपिअर-तासांची बॅटरी ०.६ अँपिअर प्रवाह वीस तास देते. परंतु तिच्याकडून १.७ अँपिअर घेतल्यास छापील आकडा हाती लागत नाही. माठाला मोठे भोक पाडले तरी पाणी तेवढेच मिळते. बॅटरीचे तसे नाही. ब्रिटिश मानकाने ह्यासाठी एक सोपी युक्ती योजली आहे : इशाऱ्याचा प्रवाह बॅटरीच्या छापील आकड्याच्या विसाव्या भागाहून अधिक असेल, तर इशाऱ्याच्या पदास १.७५ ने गुणावे. नसेल तर १ ने.

ह्या दोन्ही दोषांचा समावेश करणारे सूत्र असे :

साठा = १.२५ × [(दक्षतेचा काळ × दक्षतेचा प्रवाह) + (घाईचा गुणक × इशाऱ्याचा प्रवाह ÷ २)]

येथील २ हा भाजक अर्ध्या तासाचा आहे. वसतिगृहासाठी इशाऱ्याचा प्रवाह १.७ अँपिअर असून तो १२ च्या विसाव्या भागाहून, म्हणजे ०.६ हून, अधिक आहे. म्हणून घाईचा गुणक १.७५.

साठा = १.२५ × (५.४ + १.७५ × ०.८५) = १.२५ × (५.४ + १.४९) = ८.६१ अँपिअर-तास

तेव्हा बाजारातील १२ अँपिअर-तासांची बॅटरी योग्य होय. यंत्रणा २४ व्होल्टची असल्यामुळे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडावयाच्या. येथे नवशिक्यांची एक नेहमीची चूक होते : दोन बॅटऱ्या म्हणजे दुप्पट अँपिअर-तास असे ते समजतात. एकसरीत दाबाची बेरीज होते, साठ्याच्या आकड्याची होत नाही. ७ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांनी साठा १४ अँपिअर-तास होत नाही. तो ७ च राहतो.

ह्याच वसतिगृहासाठी ७२ तास मागितले असते तर? दक्षतेचे पद ०.२२५ × ७२ = १६.२ होते; इशाऱ्याचे १.४९ मिळवून व १.२५ ने गुणून साठा सुमारे २२.१ अँपिअर-तास येतो, आणि २६ अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी लागते.

६. सात अँपिअर-तासांच्या बॅटरीची कथा

अपुरी बॅटरी बसविली तर काय होते, हे पाहिल्याशिवाय वरील गणिताचे मोल कळणार नाही. समजा, सरळ हिशेबावर विसंबून ७ अँपिअर-तासांची बॅटरी बसविली. बॅटरी नवी असताना चोवीस तासांनंतर ७ − ५.४ = १.६ अँपिअर-तास उरतात. घाईचा गुणक धरून इशाऱ्याचा परिणामी प्रवाह १.७ × १.७५ = २.९७५ अँपिअर होतो. १.६ भागिले २.९७५ म्हणजे सुमारे ३२ मिनिटे. म्हणजे पहिल्या दिवशीच्या परीक्षेत ही यंत्रणा अर्धा तास वाजून दाखविते व उत्तीर्ण होते. तपासणी करणारा समाधानाने सही करतो.

काही वर्षांनंतर बॅटरी ८० टक्क्यांवर येते. आता साठा ७ × ०.८ = ५.६ अँपिअर-तास. चोवीस तासांत ५.४ गेले; उरले ०.२. ह्यास २.९७५ ने भागले असता सुमारे ४ मिनिटे येतात. वादळाने काल रात्री वीज गेली, आज रात्री आग लागली, आणि भोंगे चार मिनिटे वाजून मंदावले. झोपेतून जागे होणे, शेजाऱ्यास उठविणे, अंधारात जिना शोधणे, आणि कोणी आत राहिले काय हे पाहणे, ह्यांस चार मिनिटे पुरत नाहीत. विशेष हे की, नियंत्रण-फलकावर ह्या सर्व काळात हिरवा दिवाच दिसत असतो. कागदावर वाचविलेले पाच अँपिअर-तास कोणाच्याही लक्षात येत नाहीत. येतात ते त्या एका रात्री.

७. चार्जर व मुख्य पुरवठा

बॅटरी रिकामी झाल्यानंतर ती वेळेत भरली नाही, तर दुसऱ्यांदा वीज गेली असता यंत्रणा निराधार राहते. युरोपीय मानकाप्रमाणे चार्जरने रिकामी बॅटरी २४ तासांत ८० टक्क्यांपर्यंत भरली पाहिजे. १२ अँपिअर-तासांचे ८० टक्के ९.६; त्यास २४ ने भागून ०.४ अँपिअर. भरताना काही वीज उष्णतेत वाया जाते, म्हणून १.२ ने गुणून ०.४८ अँपिअर घ्यावे.

मुख्य वीज असताना पुरवठा-उपकरणास इशाऱ्याचा पूर्ण भार वाहून बॅटरीही भरता आली पाहिजे. कारण वीज परत येते आणि त्याच वेळी इशारा चालू असतो, असा प्रसंग असंभवनीय नाही. म्हणून १.७ + ०.४८ = २.१८ अँपिअर. ह्या कामी २.५ अँपिअरचे उपकरण चालेल, ३ अँपिअरचे अधिक बरे. २७ व्होल्टच्या सुमारास ही शक्ती ५९ वॅट होते, आणि उपकरणाची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर भिंतीतील २३० व्होल्टच्या वाहिनीतून सुमारे ७४ वॅट घेतले जातात. एका जुन्या ७५ वॅटच्या दिव्याएवढी ही वीज. परंतु ती स्वतंत्र वाहिनीवरून व स्वतंत्र कळीतून घेतली पाहिजे. पंखा किंवा पाणी तापविण्याचे यंत्र ज्या कळीवर आहे, त्याच कळीवर अग्निसूचक फलक जोडणे म्हणजे दुसऱ्याच्या बिघाडात त्याला भागीदार करणे होय.

इमारत वाढते तेव्हा काय होते, हेही येथेच पाहण्यासारखे आहे. समजा, वसतिगृहास नवी बाजू जोडून २० संवेदक, ८ भोंगे व ४ दिवे वाढविले. दक्षतेचा प्रवाह ०.२३१ व इशाऱ्याचा सुमारे २.४६ अँपिअर होतो. सूत्राने साठा ९.६ अँपिअर-तास येतो. म्हणजे १२ ची बॅटरी अद्याप पुरते. परंतु पुरवठा-उपकरणावरील भार २.४६ + ०.४८ = २.९४ अँपिअर होऊन २.५ अँपिअरचे उपकरण अपुरे पडते. बॅटरी पुरली म्हणजे सर्व पुरले असे नव्हे; तिन्ही गणिते प्रत्येक फेरफाराबरोबर नव्याने मांडली पाहिजेत.

८. तारेतील तूट

साठा पुरेसा असूनही शेवटचा भोंगा मुका राहू शकतो. ओम ह्या शास्त्रज्ञाच्या नियमाप्रमाणे तारेतून प्रवाह जाताना प्रवाह गुणिले रोध एवढा दाब तारेतच खर्च होतो. वसतिगृहातील भोंगे व दिवे दोन वाहिन्यांवर सारखे वाटले, तर प्रत्येक वाहिनीवर ८ भोंगे व ३ दिवे, म्हणजे २८० + ३६० = ६४० मिलिअँपिअर प्रवाह येतो. वाहिनीची लांबी १५० मीटर धरली, तर जाण्यायेण्याची तार ३०० मीटर. सर्व भार टोकाशीच आहे असे समजून सर्वांत वाईट स्थितीचा हिशेब करावा.

२० अंशांस १ किलोमीटर तांब्याच्या तारेचा महत्तम रोध १ चौरस मिलिमीटर जाडीस १८.१ ओम, १.५ चौरस मिलिमीटरला १२.१ ओम व २.५ चौरस मिलिमीटरला ७.४१ ओम असतो. त्यावरून ३०० मीटरमधील तूट अनुक्रमे ३.४८, २.३२ व १.४२ व्होल्ट येते.

आता ही तूट कोणत्या दाबातून वजा करावयाची, हा कळीचा प्रश्न आहे. मुख्य वीज असताना फलकाचा दाब २७ व्होल्टच्या आसपास असतो. पण बॅटरी संपत आलेली असताना तो, प्रत्येक घटास १.७५ व्होल्ट ह्या हिशेबाने, बारा घटांस २१ व्होल्टवर येतो. भोंगे १८ व्होल्टपर्यंत चालतात असे धरू. १ चौरस मिलिमीटरच्या तारेने मुख्य विजेवर टोकाशी २३.५ व्होल्ट मिळतात व भोंगा खणखणीत वाजतो; परंतु बॅटरीच्या अखेरीस तेथे २१ − ३.४८ = १७.५ व्होल्टच पोहोचतात व भोंगा थांबतो. म्हणजे रोजच्या परीक्षेत उत्तीर्ण होणारी तार संकटात अनुत्तीर्ण होते. १.५ च्या तारेने १८.७ व्होल्ट मिळतात. मात्र बिरसीच्या उन्हाळ्यात छतावरील पोकळीतील तार ४५ अंशांपर्यंत तापली, तर तांब्याचा रोध सुमारे १० टक्क्यांनी वाढून तूट २.५५ होते आणि टोकाशी १८.४५ व्होल्ट उरतात. शिल्लक अर्ध्या व्होल्टहूनही कमी. २.५ च्या तारेने त्याच उष्णतेत १९.४ व्होल्ट मिळतात. तेव्हा जाड तार घ्यावी, किंवा वाहिन्या दोनाऐवजी चार करून प्रत्येकीचा भार निम्मा करावा.

९. उन्हाळा, हिवाळा आणि बॅटरी

शिशाच्या बॅटरीस उष्णता मानवत नाही. स्थूलमानाने तापमान १० अंशांनी वाढले की तिचे आयुष्य निम्मे होते. २५ अंशांस पाच वर्षे टिकणारी बॅटरी सतत ३५ अंशांत ठेवल्यास अडीच वर्षांतच ८० टक्क्यांवर येईल. म्हणून फलक पत्र्याच्या छपराखाली किंवा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर लावू नये. शिवाय उष्णतेत चार्जरचा दाबही उतरविला पाहिजे. २५ अंशांस प्रत्येक घटास २.२७, म्हणजे बारा घटांस २७.२४ व्होल्ट दाब ठेवतात. तापमानाच्या प्रत्येक अंशास प्रत्येक घटामागे सुमारे ३ मिलिव्होल्ट कमी करावयाचे असतात. ४० अंशांस ही घट १५ × १२ × ३ = ५४० मिलिव्होल्ट होते व योग्य दाब २६.७ व्होल्ट ठरतो. हा फेर आपोआप न करणारा चार्जर मे महिन्यात बॅटरीस अकारण उकळवीत राहतो.

थंडीचा परिणाम उलट असतो. आयुष्य वाढते, पण त्या वेळेपुरती धारणशक्ती घटते; १० अंशांस ती साधारण दहा-पंधरा टक्क्यांनी कमी होते. जुनी झालेली ७ अँपिअर-तासांची बॅटरी उन्हाळ्यात वयाने खंगते आणि जानेवारीतील रात्री थंडीने आणखी दुर्बळ होते. ८.६१ ची गरज असता १२ ची बॅटरी घेण्यात जे अंतर राहते, ते अशा दिवसांसाठी उपयोगी पडते.

१०. परीक्षा व नोंद

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ ह्यान्वये इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अग्निसुरक्षेची साधने चालू स्थितीत ठेवावयाची असून, परवानाधारक संस्थेकडून त्याविषयीचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै ह्या महिन्यांत द्यावयाचे असते. हे दोन महिने बॅटरीच्या परीक्षेसही सोयीचे आहेत : जुलैत उन्हाळ्याने केलेली हानी दिसते, तर जानेवारीत थंडीतील धारणशक्ती कळते.

परीक्षा मुख्य वीज तोडूनच केली पाहिजे. मुख्य विजेवर भोंगा वाजवून पाहणे ही भोंग्याची परीक्षा झाली, बॅटरीची नव्हे. ठरलेला काळ यंत्रणा बॅटरीवर ठेवावी, नंतर सर्व भोंगे वाजवावेत, आणि त्या वेळी सर्वांत दूरच्या भोंग्याच्या अग्रांवर दाब मोजावा. ह्या एका मापनात बॅटरी आणि तार दोहोंचा कस एकदम लागतो. परीक्षा चालू असताना व बॅटरी पुन्हा भरेपर्यंत इमारतीत माणसाचा पहारा ठेवावा.

दक्षतेचा व इशाऱ्याचा प्रवाह, धरलेला काळ, गुणक, बॅटरीचा आकडा व ती बसविल्याची तारीख, एवढे लिहिलेला एक कागद फलकाच्या दाराच्या आतील बाजूस चिकटवून ठेवावा. पुढे जो कोणी एखादा भोंगा वाढवील किंवा बॅटरी बदलील, त्यास तेथेच उभे राहून बेरीज पुन्हा मांडता येईल. बेरीज, गुणाकार व भागाकार ह्यांपलीकडे ह्या गणितात काही नाही. शाळेतील मुलासही ते करता येईल. वीज जाऊन चोवीस तास लोटल्यानंतरही दूरच्या खोलीतील झोपलेल्या मनुष्याच्या कानावर भोंग्याचा आवाज अर्धा तास पडत राहील की चार मिनिटांनी थांबेल, हे मात्र त्याच बेरजेवर अवलंबून असते.